वाजते तोवर वाचते

मोटारीच्या इंजिनातला आवाज बंद झाला की मालकाला आनंद व्हावा, हे स्वाभाविक आहे. मलाही झाला. २०२१ सालच्या दिवाळीनंतर आमच्या जुन्या एमजीबीची टिकटिक हळूहळू मंदावत गेली आणि डिसेंबरात ती जवळजवळ ऐकू येईनाशी झाली. एका रविवारी घरी येऊन मी मोठ्या ऐटीत सांगितले की, गाडी आता कशी मुकाट्याने चालते! काकूंनी जपाची माळ थांबवून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "वाजत नाही? तुझ्या काकांना ते आवडलं नसतं."

म्हाताऱ्या माणसाचे बोलणे म्हणून मी ते कानाआड केले. तसे केले नसते तर पुढचा खर्च थोडा वाचला असता आणि एका भल्या माणसाला मी जे बोललो ते बोलण्याची वेळ आली नसती.

गाडी मूळची काकांची. काका कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेले हे कलाभवन १९४९ साली विद्यापीठात सामील झाले. त्यापूर्वीच्या शेवटच्या विद्यार्थ्यांपैकी काका एक. बडोद्यातून ते पूर्व आफ्रिकेत रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला गेले, नैरोबीत १९६७ साली ही गाडी कोरी घेतली आणि १९७१ साली कायमचे परतताना बोटीने बरोबर आणली. एमजीबी ही इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डन गावी १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असे. दोन माणसांची, उघड्या टपाची, ठेंगणी गाडी. चार सिलिंडरांचे १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन. मनात आणले तर ताशी शंभर मैल पळणारी. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या दिंडीतून ती बाहेर निघाली की पोरे मागे धावत. काकांनी मात्र ती कधी पळवली नाही. ते २०१९ साली एक्क्याण्णवाव्या वर्षी गेले. त्याआधी सात वर्षे गाडी उभीच होती. मूलबाळ नसल्यामुळे ती माझ्याकडे आली. आणि बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला जे वेड लागू नये ते मला लागले.

आता त्या टिकटिकीविषयी. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा असतात. त्यांना सर्वजण व्हॉल्व्हच म्हणतात. इनलेटमधून पेट्रोलमिश्रित हवा आत येते, एक्झॉस्टमधून जळलेला धूर बाहेर जातो. आमच्या गाडीत खाली पोटात कॅमशाफ्ट फिरतो. तो टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड वरच्या रॉकरला, आणि रॉकर ढेकीप्रमाणे कलून व्हॉल्व्हचा दांडा खाली दाबतो. रॉकर आणि दांडा यांच्यामध्ये थोडी फट मुद्दाम ठेवावी लागते, कारण तापल्यावर दांडा वाढतो. फट नसेल तर वाढलेला दांडा रॉकरला टेकून राहतो आणि व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. आमच्या गाडीत ही फट थंड इंजिनावर इंचाचे पंधरा हजारांश असावी लागते. वर्कशॉपच्या भाषेत पंधरा थाउ, म्हणजे मिलिमीटरचे अडतीस शतांश. नखाच्या जाडीहून थोडी कमीच. रॉकर ही फट ओलांडून दांड्यावर आपटतो त्याचीच ती टिकटिक. ती बंद झाली याचा अर्थ फट संपत आली. आणि मी पेढे वाटायला निघालो होतो!

जानेवारीत गाडी तापली की अडखळू लागली. सकाळी थंडीत ठीक सुरू होई. दहा-बारा मैल गेल्यावर सिग्नलला थांबली की अंगात हीव भरल्यासारखी थरथरे. रॉकरवरचे झाकण काढून फिलर गेजने फटी मोजल्या. आठ व्हॉल्व्हपैकी चार इनलेट पंधरावरच होते. एक्झॉस्ट मात्र असे निघाले : पहिला १२, चौथा ९, पाचवा ८, आठवा ११.

दसऱ्याला, म्हणजे नऊशे मैलांपूर्वी, या फटी पाणीगेटच्या उस्तादांनी लावल्या होत्या. उस्ताद सत्तरीचे आहेत. काकांच्या गाडीला चाळीस वर्षांत दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता, आणि सात वर्षे झोपलेले इंजिन त्यांनीच जागे केले होते. तरी मी तेथे जाऊन चार लोकांसमोर म्हणालो, "उस्ताद, आता डोळ्यांना दिसत नसेल तर सांगत चला. आठातले चार चुकीचे लावलेत." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "साहेब, मैंने पंधरा ही रखा था," एवढेच बोलले आणि आत गेले. घरी हे सांगितले तेव्हा काकू म्हणाल्या, "तुझे काका त्यांना कधी मोठ्याने बोलले नाहीत हो."

मी गाडी एका नव्या, चकचकीत गॅरेजात नेली. तेथल्या तरुणाने झाकण उघडून पाहिले, ऐकले, आणि कॅमशाफ्ट झिजला आहे असा निवाडा दिला. कॅमशाफ्ट आणि आठ टॅपेट इंग्लंडहून मागवायचे, इंजिन पूर्ण उतरवायचे. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. पैशांच्या धसक्यानेच का होईना, मला काकांच्या वहीची आठवण झाली.

पुठ्ठ्याच्या बांधणीची लांबट वही. पहिले पान १९६७ चे, नैरोबीचे. प्रत्येक वेळी फटी तपासल्या की काकांनी तारीख, मैल आणि आठही आकडे ओळीने लिहिलेले. मराठी आकड्यांत, कलाभवनी वळणदार अक्षरात. आधी सापडलेली फट, खाली लावलेली फट. मी ती वही दोन वर्षे कपाटात ठेवून दिली होती. त्या रात्री प्रथमच सलग वाचली.

पहिल्या पानावर समासात एक वाक्य होते : "वाजते तोवर वाचते." आणि त्याखाली सूचना : "स्क्रू लावून झाल्यावर स्क्रू व नट यांवरून पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढणे. रेघ तुटली नसेल तर स्क्रू फिरला नाही असे समजावे."

मी विजेरी घेऊन दिंडीत गेलो, झाकण पुन्हा काढले. आठही स्क्रूंवर पांढरी रेघ होती. उस्तादांनी काकांच्या पद्धतीने ओढलेली. एकही तुटलेली नव्हती. स्क्रू जेथे लावला तेथेच होता, तरी फट कमी झाली होती.

बरे, स्क्रू फिरला नाही. पण मुळात लावतानाच चूक झाली नसेल कशावरून? एका मोजणीवरून त्याचे उत्तर मिळत नाही. एक आकडा फार तर एखाद्याकडे बोट दाखवतो. खरे कारण सांगायला आकड्यांची रांग लागते. म्हणून मी स्वतः फटी लावायचे ठरवले. प्लग काढले, गाडी चौथ्या गिअरमध्ये घातली आणि दिंडीतच पुढे-मागे ढकलून इंजिन फिरवू लागलो. याला नऊचा एक सोपा नियम आहे. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करायचा. जो उरेल तो व्हॉल्व्ह मोजायचा. आठवा दाबलेला असताना पहिला, पाचवा दाबलेला असताना चौथा. चार सिलिंडरांच्या अशा इंजिनात ही जोडी चुकत नाही. रॉकरच्या टोकाला खड्डा पडलेला असला तर रुंद पट्टी खड्ड्यावरून पुलासारखी जाते आणि असते त्याहून कमी फट दाखवते. म्हणून रॉकरची तोंडे बोटाने आणि भिंगाने तपासली. ती गुळगुळीत होती. आठही फटी पंधरावर आणल्या आणि सौभाग्यवतींच्या नखांच्या रंगाने माझ्या रेघा ओढल्या.

मग दर दोनशे मैलांनी मोजणी. नेहमी पहाटे, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना. कारण गरम आणि थंड आकडे एका वहीत मिसळले की त्या वहीचा काही उपयोग राहात नाही. पाचव्या व्हॉल्व्हचे आकडे असे आले : १५, १३, ११, ९, ७. चौथा त्याच्या मागोमाग. पहिला आणि आठवा अकरावर उतरले. इनलेट चौदा-पंधरावर स्थिर. रेघा सगळ्या शाबूत.

आता विचार करावा. फट वाढली असती तर मधल्या साखळीतले काहीतरी झिजले असे म्हणता आले असते : कॅमचा उंचवटा, टॅपेटचा तळ, पुशरॉडचे टोक किंवा रॉकर. जुन्या इंजिनांना लागणारे जस्ताचे क्षार हल्लीच्या पुष्कळ तेलांत कमी केलेले असतात, त्यामुळे कॅमची अशी झीज होतेही. पण झिजलेला कॅम फट वाढवील. कमी कशी करील? नव्या गॅरेजाचा निवाडा नेमका उलटा होता. फट कमी होते ती दोनच बाजूंनी : एक तर रॉकर खाली येतो, नाहीतर व्हॉल्व्हचा दांडा वर चढतो. हेडखालचे गॅस्केट दबून हेड बसले तर रॉकर खाली येतात. पण मग आठही फटी सारख्या घटल्या पाहिजेत. येथे तर चारच, आणि तेही एक्झॉस्टच. त्यांतही चौथा व पाचवा सर्वांत पुढे. हे दोघे शेजारी, दोन सिलिंडरांचा धूर एकाच मधल्या दाराने सोडणारे, म्हणून ताप त्यांनाच अधिक. तेव्हा दांडेच वर चढत होते. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत, म्हणजे सीटमध्ये, रुतत चालले होते.

काकांच्या वहीने याची तारीखही सांगितली. १९७१ पासून २००० पर्यंत पाचव्या व्हॉल्व्हचा आकडा कधी एक थाउने घटलेला, कधी एकाने वाढलेला. २००० नंतर मात्र तो फक्त घटतच गेला : गाडी वर्षाला चार-पाचशे मैलच फिरत असूनही बारा वर्षांत मिळून सोळा थाउ. २००३ च्या नोंदीखाली काकांनी लिहिले होते : "एक्झॉस्ट सीट बसत आहेत काय? नवे पेट्रोल. गाडी सावकाशच चालविणे."

नवे पेट्रोल म्हणजे शिशाशिवायचे. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली याने शोधून काढले की, पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे द्रव्य मिसळले तर इंजिनाची ठोठो थांबते. त्याचा एक फायदा न मागता मिळाला. जळल्यावर शिशाचे सूक्ष्म क्षार एक्झॉस्टच्या सीटवर पातळ थर धरत आणि लोखंडाला लोखंड भिडू देत नसत. त्या भरवशावर साध्या बिडाच्या हेडातच सीट कातून पुष्कळ इंजिने निघाली, आमचे त्यांतलेच. शिसे गेले तसे लालबुंद व्हॉल्व्ह आणि बिडाची सीट एकमेकांना क्षणभर चिकटून सुटू लागली. प्रत्येक वेळी सीटचा कण निघतो, तो कण व्हॉल्व्हच्या तोंडाला बसतो आणि पुढच्या फटक्याला पॉलिश कागदासारखा सीट घासतो.

शिशाच्या बाजूने मी येथे वकिली करीत नाही. त्याचा धूर लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतो आणि ते गेले हे उत्तमच झाले. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून सर्व देशात शिशाचे पेट्रोल बंद झाले. २०२१ साली अल्जीरियाने ते थांबवले, तेव्हा मोटारींच्या पेट्रोलमधून ते जगातूनच गेले. आम्हा बडोदेकरांच्या उशालाच कोयलीची रिफायनरी आहे. तरी पंपावरचे पेट्रोल बदलले म्हणजे आपल्या वाड्यातल्या गाडीत काय बदलले, हे काकांसारख्या एखाद्यानेच वहीत टिपले असेल.

पण बारा वर्षांत सोळा थाउ, आणि माझ्या हाती सतराशे मैलांत पंधरा! हा फरक पेट्रोलचा नव्हे. तो माझा. दर रविवारी पहाटे मी गाडी एक्स्प्रेसवेवर काढून अहमदाबादपर्यंत दामटत होतो. ताशी शंभर किलोमीटरला हे इंजिन मिनिटाला सुमारे साडेतीन हजार फेरे घेते आणि प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला साडेसतराशे वेळा सीटवर बसतो. त्र्याण्णव किलोमीटरच्या त्या रस्त्यावर एका खेपेला जवळजवळ एक लाख फटके, तेही पूर्ण तापलेल्या बिडावर. सीटची झीज गावातल्या संथ फिरण्यात थोडी होते. वेग आणि भार वाढला की झपाट्याने होते. "सावकाशच चालविणे" असे काकांनी लिहून ठेवले होते. मी वाचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन पाणीगेटला गेलो. उस्ताद एका टेम्पोखाली होते. ते बाहेर येईपर्यंत थांबलो आणि त्या दिवशी जे लोक होते त्यांतले दोघे तेथे आहेत हे पाहूनच म्हणालो, "उस्ताद, चूक माझी होती. तुमच्या रेघा मी पाहिल्याच नाहीत." त्यांनी हात पुसले, वही घेतली. मराठी अक्षर त्यांना लागत नाही, पण आकडे लागतात. पाचव्या रकान्यावरून बोट फिरवीत ते खाली आले आणि म्हणाले, "काकासाहेबांनी हे मला सांगितलं होतं. हेड एकदा खोलायला लागेल म्हणाले होते." मग पोराला हाक मारून दोन चहा सांगितले. त्या विषयावर ते पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.

पुढचे सारे त्यांनी पद्धतशीर केले. प्रथम दाब मोजला. तिसऱ्या सिलिंडरचा, म्हणजे पाचव्या व्हॉल्व्हच्या घरचा, दाब इतरांच्या दोन तृतीयांशही नव्हता. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजला. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर तेलाने दाब वाढला असता. तो वाढला नाही. म्हणजे गळती व्हॉल्व्हचीच. मग पाणी काढून हेड उतरवले. चारही एक्झॉस्ट आपापल्या खळग्यात खोल गेलेले होते. पाचव्याची कडा एका बाजूला करपू लागली होती. व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच सोडत असतो. टेकायलाच मिळाले नाही तर तो जळतो.

तरी उस्तादांनी एक शंका ठेवली. सीट रुतली नसून तापाने व्हॉल्व्हच लांबला असेल तर? त्यांनी कोरा व्हॉल्व्ह त्याच जुन्या सीटमध्ये बसवला आणि दांड्यांच्या टोकांवर पोलादी पट्टी आडवी धरली. कोऱ्या व्हॉल्व्हचा दांडाही तेवढाच वर निघाला होता. दोष सीटचाच. उंची मोजली तर मूळ पातळीपेक्षा तीस थाउ. मी वही उघडली. काकांचे सोळा, माझे पहिले सात, नंतरचे आठ, एकूण एकतीस. चाळीस पानांत विखुरलेले आकडे आणि टेबलावरचा लोखंडाचा तुकडा एकाच थाउच्या फरकाने जुळले, तेव्हा आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही.

उपाय जाणत्यांना ठाऊक आहे. एक्झॉस्टच्या चारही बैठका मशिनवर कातून त्यांत कठीण पोलादी मिश्रधातूच्या कड्या घट्ट बसवायच्या, नवे व्हॉल्व्ह त्यांत घोटून मिळवायचे. कॅमशाफ्टच्या खर्चाच्या चौथ्या हिश्शात काम झाले. हेड चढवून तीनशे मैल झाल्यावर नट पुन्हा आवळले आणि फटी मोजल्या : आठही एकेक थाउने कमी. मी दचकलो, उस्ताद हसले. आठही सारखे घटले, म्हणजे हे गॅस्केट दबले. तोच घटण्याचा प्रकार, पण कारण निराळे. आणि ते कारण आकड्यांच्या मांडणीतच दिसत होते. पुन्हा पंधरा लावले. त्यानंतर तीन हजार मैल झाले आहेत. पाचव्या व्हॉल्व्हचा आकडा पंधरा आहे.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता. आम्ही दोघे एमजीबीतूनच गेलो. आत संस्थानिकांच्या एकेक भव्य गाड्या आरशासारख्या उभ्या होत्या. लोक रंग, चामडे, चांदीचे दिवे पाहात होते. उस्ताद मात्र एखादी गाडी सुरू झाली की मान तिरपी करून ऐकत आणि पुढे सरकत.

वही आता रॉकरच्या झाकणाइतकीच गाडीच्या कामाची झाली आहे. आकडे मी लिहितो, रेघ उस्ताद ओढतात. सकाळी दिंडीतून गाडी निघाली की काकू आतूनच विचारतात, "वाजते आहे ना रे?" मी इंजिन क्षणभर तसेच चालू ठेवतो, ऐकतो, आणि हो म्हणतो.